पडवीतलं मलावी

"हॅलो, मलावीवरून बोलतेय. काय पायजे?"

आमच्या शेजारच्या सिस्टर फोन असा उचलायच्या. त्या तेव्हा भिसेगावातच, स्वतःच्या घराच्या पडवीत खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. फोन करणारे त्यांचे मिस्टर आत स्वयंपाकघरात असायचे. मध्ये एक भिंत. मी शेजारीण, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजू मला ऐकू यायच्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना जन्मल्याबरोबर पहिली चापट त्यांनीच मारलेली, म्हणून पुढेही त्या हक्काने मारत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच. निवृत्त झाल्यावर आराम करायचा सोडून त्यांनी आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात जायचं ठरवलं. दोन वर्षं, बिनपगारी, तिथल्या मुलींना बाळंतपणाचं काम शिकवायला. अशी संधी तरुणपणी एकदा आली होती, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ते राहिलं. "आता नाय गेले तर पुढं गुडघे जाऊ द्यायचे नाय," त्या म्हणायच्या.

गल्लीने मलावीचं मालवण केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातले चाचा सुकटीची पुडी घेऊन आले. "मालवनात आमची मावसबहीन हाय. तेवडी पोचवा. आन सिस्टर, मालवनला पासपोर्ट कवापासून लागतो?"

"चाचा, मलावी. समुद्रापल्याड."

"म्हंजे गोव्याच्या पुढं?"

"लय पुढं."

"मग परत येताना द्या," चाचा म्हणाले आणि पुडी ठेवून गेले.

खरी अडचण होती मिस्टरांची. त्यांना सगळा गाव 'सिस्टरांचे मिस्टर' म्हणतो, बारशाचं नाव कुणाला आठवत नाही. भिवपुरीच्या वीजकेंद्रात जन्म काढलेला हा माणूस गॅसचा लायटर उलटा धरायचा. शेवटी सिस्टरांनी निकाल दिला. "अहो, आठवडाभर मी गेले असं समजा. तुमचं तुमाला जमलं तर मी जानार. नायतर तिकीट रद्द." त्या रद्द करतील हे आम्हाला माहीत होतं. एकदा केलंच होतं.

म्हणून त्या पडवीत राहायला गेल्या. सोबत बांधलेली बॅग आणि मच्छरदाणी. काही विचारायचं असेल तर मिस्टरांनी फोन करायचा.

"हिंग कुठं हाय गं?"

"अहो, हितं रात्र हाय. उद्या करा फोन." दुपारचे बारा वाजले होते.

मिस्टरांनी पाणी न घालताच कुकर चढवला आणि शिट्टीची वाट बघत बसले. जळका वास पडवीत आला तशा सिस्टर अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या आणि "मी मलावीत हाय, मी मलावीत हाय" असा जप करायला लागल्या. शेवटी धावत जाऊन गॅस मी बंद केला.

मग एक दिवस फोन आलाच नाही. सिस्टरांची चुळबुळ सुरू झाली. "जरा बघून ये गं. मी पाठवलं म्हनू नको."

आत मिस्टर मजेत जेवत होते. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. मी थक्क झाले. तेवढ्यात मोरीत खानावळीचा डबा दिसला. मिस्टरांनी हात जोडले. "वहिनी, सांगू नका. ती थांबंल."

मी बाहेर येऊन सांगितलं, "जमतंय त्यांना."

"मीठ?"

"बरोबर आहे."

सिस्टरांचा चेहरा पडला. जायला मिळालं म्हणून आनंद व्हायचा, तर डोळ्यांत पाणी. त्यांनी स्वतःच फोन लावला. "जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हितं मला कुनी विचारलंच नाय."

मिस्टर ताट घेऊन पडवीत आले. सिस्टरांनी घास घेतला, "मसाला जरा जास्त झालाय," म्हणाल्या आणि सगळं ताट संपवलं. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं. गल्लीत चापट मारणारं कुणी उरलं नाही.

आता रोज संध्याकाळी खऱ्या मलावीहून फोन येतो. काय केलं जेवायला, एवढंच सिस्टर विचारतात. मिस्टर तोंडाला येईल ते सांगतात आणि फोन ठेवला की माझ्या दारात उभे. "पिठलं केलं म्हनालोय. तेवडं शिकवा. तिला खोटं नको सांगायला." मग रात्रीपर्यंत पिठलं होतं. कधी गुठळ्यांचं, कधी पाण्यासारखं, पण होतं.

काल आले ते घामाघूम होऊन. बोलण्याच्या भरात पुरणपोळी सांगून बसले होते. सिस्टर तिकडून म्हणाल्या होत्या, "मी आले की मला करून घाला."

"वहिनी, दोन वर्सांत जमंल ना?"

मी म्हटलं, "आधी डाळ भिजत घाला."