पाकिटाला ताप

हातात पाकीट पडलं की बाई ते आधी उघडायच्या नाहीत. पालथा हात त्यावर टेकवायच्या आणि डोळे बारीक करायच्या. आपण लेकराच्या कपाळाला हात लावून बघतो ना, तसंच. मग मान हलवून म्हणायच्या, "गार हाय. चालते." आणि पाकीट पदराखाली धरून सावलीला न्यायच्या.

पाकीट जिवाणूंचं असायचं. आत दिसायला नुसती काळी भुकटी. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी कृषी सहायक म्हणून पवनीत खोली घेऊन राहिलो, आणि कोंढ्याच्या पुढची काही गावं माझ्याकडे आली. त्यातल्या एका गावात बाई होत्या. गावाचं नाव सांगत नाही, बाईंचंही नाही. माझं सांगायला हरकत नव्हती, पण तेवढी हिंमत अजून आलेली नाही.

बाई रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीच्या म्होरक्या. पंधरा-वीस बायका त्यांच्या शब्दावर निघायच्या आणि गावातली निम्मी रोवणी त्यांच्या हातून व्हायची. अंगानं काटकुळ्या, पायांना बारा महिने चिखल्या, आवाज मात्र चार बांध्या, चार खाचरं ओलांडून जाणारा. स्वतःची बांधी एकच, तीही तलावाच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत बोडीच्या, अगदी शेवटच्या टोकाला. पाणी तिथं पोचायचं ते सगळ्यांचं झाल्यावर.

त्यांची-माझी ओळख झाली ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. मी भिंतीवर तक्ता लावून सांगत होतो, की हे जिवाणू धानाच्या मुळांशी राहतात, मुळं खोल जायला मदत करतात, पावसानं ओढ दिली तर झाड चार दिवस जास्त तग धरतं. शेतकरी माझं ऐकत होते, म्हणजे चहा कधी येतो ते बघत होते. सरकारी माणसाचं व्याख्यान तुम्हीही ऐकलं असेल, तेव्हा जास्त सांगत नाही. एवढ्यात मागून आवाज आला.

"सायेब, थे खातेत काय?"

लोक हसले. मी उत्तर दिलं.

"किती दिस जगतेत?"

तेही सांगितलं.

"आन् उनात?"

"उन्हात मरतात बाई. थंड जागी ठेवायचं, सावलीत. जिवंत आहेत ते."

"जित्तं हाय म्हना की मंग!" बाई म्हणाल्या. तेव्हापासून तो त्यांचा पालुपदाचा शब्द झाला. जाताना त्यांनी माझा तक्ता मागून नेला आणि घरी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भाताच्या पेजेनं चिकटवला. माझ्या व्याख्यानाला त्याआधी किंवा त्यानंतर इतका मान कुठं मिळालेला नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी एकट्यानंच ते करून पाहिलं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून त्यांच्या जुड्या बांधल्या, घमेल्यात भुकटी कालवली आणि मुळं त्यात बुडवून ठेवली. मी बघायला गेलो तर घमेल्यावर छत्री उघडलेली आणि बाई बाजूला उन्हात बसलेल्या.

"बाई, छत्री तुमच्या डोक्यावर धरा की."

"मी कायले मरतो? थे मरतीन." विदर्भातल्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात, त्यात वावगं काही नाही. एक पोरगी घमेलं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उघड्यावर ठेवायला निघाली, तर बाई तिच्यावर ओरडल्या, "लेकराले उनात निजवतं का वं?"

त्या वर्षी पावसानं मोठी दडी मारली. शेजारच्या बांध्या पिवळ्या पडल्या आणि बाईंची बांधी, सगळ्यात शेवटची असूनही, कितीतरी दिवस हिरवी राहिली. लोक येऊन बघून गेले. मी फोटो काढले, वर अहवाल पाठवला आणि शाबासकी मिळवली. बाईंना काय मिळालं? लोकांचा विश्वास. ज्यांच्या घरी त्यांच्या वस्तीतल्या माणसाला चहाचा कप वेगळा निघायचा, तीही माणसं त्यांना विचारायला आली, "आमचे पऱ्हे बी बुडवून देशीन का?"

दुसऱ्या वर्षी आठ-दहा घरं तयार झाली, ती माझ्या तक्त्यावर नाही, बाईंच्या शब्दावर.

आता मला सांगायचं आहे ते इथून पुढे.

पाकिटं त्या वर्षी मे महिन्यातच माझ्या ताब्यात आली. थंड जागी ठेवायची होती. माझ्या खोलीत थंड जागा एकच, खाटेखालची फरशी. तिथं मी आंबे पिकत घातले होते. मग पाकिटांचं खोकं मी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवलं. दोन दिवसांसाठी, असं मनाशी म्हणालो. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, आला, गेला. त्या टिनाखाली माणूस दहा मिनिटं उभा राहू शकला नसता. आंबे पिकले, खाल्ले, आणि खोकं मला आठवलं ते थेट रोवणीच्या आठवड्यात.

मी पाकिटं गाडीला बांधून गावात नेली. बाईंनी पालथा हात टेकवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"सायेब, याले ताप हाय."

"गाडीवरून आणलीत बाई, तापणारच."

त्यांनी एक पाकीट फोडलं, चिमूट हुंगली. "मागच्या खेपेले वल्ल्या मातीवानी वास होता. हे त राखडीवानी होऊन राह्यलं."

भोवती माणसं होती. मला खरं बोलता आलं असतं. 'थांबा, बदलून आणतो' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बाई, साहेब तुम्ही का मी?"

सगळे हसले. बाईही हसल्या, जरा उशिरानं. "तुमी सांगता त ठीक हाय," म्हणाल्या, आणि त्या मेलेल्या भुकटीत गावाचे पऱ्हे त्यांनी छत्री धरून बुडवले.

त्या वर्षीही पाऊस थांबला. ज्यांनी भुकटी वापरली नव्हती त्यांनी इंजिन लावून बोडीचं पाणी ओढायला सुरुवात केली. आमची आठ-दहा घरं बाईंच्या दारात आली. बाईंनी मला रस्त्यात गाठलं.

"सायेब, लोक पुसून रायले. पानी ओढू का थांबू? मी काय सांगू?"

मला ठाऊक होतं ते सगळं मी त्या क्षणी विसरायचं ठरवलं. "थांबायला सांगा," म्हणालो, "मुळं धरून ठेवतील. मागच्या वर्षी पाहिलं ना?"

त्यांनी थांबायला सांगितलं. लोक थांबले. बांध्यांना भेगा पडल्या तेव्हा सगळे बोडीकडे धावले, पण बोडीत तोवर नुसता गाळ उरला होता. आठ-दहा घरांचा धान उभा जळला. बाईंचाही जळला.

मग वरचे साहेब पाहणीला आले. जळलेल्या बांधीच्या धुऱ्यावर सगळा गाव जमला होता. साहेबांनी मला सरळच विचारलं, "पाकिटं नीट ठेवली होती ना?"

"हो सर," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर साधा खोटारडा ठरलो असतो. पण मी पुढे बोललो. "बुडवण्याचं काम बाईंकडं होतं. द्रावण उन्हात राहिलं असेल. यांना सांगून सांगून किती सांगणार?"

त्या छत्रीच्या बाईंबद्दल मी हे बोललो. आरोप कुणाच्या अंगाला लगेच चिकटेल हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. गावातल्या माना माझ्याकडून बाईंकडे वळल्या, आणि त्या किती सहज वळल्या ते मी पाहिलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता बोलतील, राखडीचा वास सांगतील. बाईंनी नजर खाली घेतली आणि म्हणाल्या, "माह्याच हातानं चुकलं असन, सायेब."

त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगून टाकतो. बाई भली म्हणून आपण वाचलो, गरिबाला नोकरीची किंमत कळते, असलं काहीतरी स्वतःला सांगून मी झोपलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. आभार मानायला! बाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. आत भिंतीवर माझा तक्ता होता.

"बाई, काल तुम्ही मला सांभाळून घेतलं. उपकार झाले."

बाईंनी सूप खाली ठेवलं.

"तुमाले? तुमाले कायले सांभाळू मी?" आवाज चढलेला नव्हता. "पाकीट मेलं होतं मनून सांगतलं असतं, त लोक मनले असते, हे सारंच खोटं हाय. मंग पुन्ना कोनी हात नसता लावला. बाई चुकली मनलं, त लोक बाईले सोडतीन. जिवाणूले नाही सोडत." मग त्या थोडं थांबल्या. "थे खरं हाय, सायेब. माह्या डोयानं पायलं म्या. एक खेप झाला होता ना धान हिरवा?"

मी उभाच होतो. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. पहिल्यांदाच.

लोकांनी बाईंना खरंच सोडलं. पुढच्या हंगामाच्या तोंडावर टोळीत चार बायका उरल्या आणि नंतर त्याही दुसरीकडे गेल्या. मी त्या वर्षी पाकिटं ओल्या पोत्यात गुंडाळून, आल्या दिवशीच त्यांच्या घरी घेऊन गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बाई गेली ना आंधळगावच्या अंगाले, पोरीच्या घरी. इथं काम कोन देते आता तिले?" तिकडचा पत्ता मी विचारला, लिहूनही घेतला. गेलो कधीच नाही. काही वर्षांनी त्या वारल्याचं कळलं तेही बाजारात, कोणाच्या तरी बोलण्यातून.

पाकिटं मात्र गावात टिकली. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. चूक माणसाची होती, औषधाची नाही, असं म्हणत लोकांनी पुन्हा करून बघितलं. मी या वेळी पाकिटं नीट ठेवली, धान तगला, आणि माझं नाव झालं.

माझ्या निवृत्तीच्या वेळी गावानं शाल-श्रीफळ दिलं. त्याच ओट्यावर. बचत गटाच्या अध्यक्षीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. बाईंच्या टोळीत कधीकाळी घमेलं धुऱ्यावर ठेवू पाहणारी पोरगी ती हीच.

"पयल्या खेपेले आमच्याच गावच्या एका बाईच्या चुकीनं नुसकान झालं होतं," ती म्हणाली. "पन सायेबानं हार नाही मानली."

टाळ्या वाजल्या. माईक माझ्यापासून दोन हातांवर होता.

समोरच्या टेबलावर दाखवायला म्हणून पाकिटं मांडली होती. कार्यक्रम लांबला होता आणि छपराची सावली सरकून टेबलावर ऊन आलं होतं. मी उठलो. लोकांना वाटलं, साहेब बोलायला उठले. टाळ्या थांबल्या. मी एका पाकिटावर पालथा हात टेकवला. ते गरम होतं.

पाकिटं उचलून मी भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली आणि परत येऊन खुर्चीत बसलो.