एका माईकभोवतीचा अनिल

अनिलच्या बायकोचा, शुभदाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जाणाऱ्या ट्राममध्ये होतो. "अरे, अनिल गेला. आत्ता, सकाळी... हार्ट अटॅक," एवढंच ती म्हणाली. मी पुढच्या स्टॉपवर उतरलो, पाच मिनिटं उभा राहिलो आणि मागून आलेल्या ट्रामने ऑफिसलाच गेलो. एक मीटिंगही उरकली. याला सहा आठवडे झाले. अनिलला कळलं असतं तर म्हणाला असता, "तुझ्याकडून हीच अपेक्षा होती."

पुण्यात आम्ही एकाच कंपनीत होतो, कॅनबेरात एकाच सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर आलो आणि तिथल्या गुंगालिन उपनगरात दोन गल्ल्या सोडून घरं घेतली. तो लहानपणापासून व्हायोलिन शिकलेला, आपल्या पद्धतीचं, मांडी घालून वाजवायचं. इथल्या एका क्लबात दर शनिवारी ब्लूग्रासवाले जमतात. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातून आलेलं हे संगीत. बँजो, गिटार, व्हायोलिन घेऊन सगळे गोलात उभे राहतात आणि पाळी आली की एका कडव्यापुरतं एकट्याने वाजवून पुढच्याला वाट देतात. अनिल मलाही घेऊन गेला. सगळे उभे असताना हा खुशाल जमिनीवर मांडी ठोकून बसला आणि पाळी येताच त्याने रागविस्तार सुरू केला. पाच-सात मिनिटं झाली तरी गडी थांबेना. बँजोवाला कॉलिन बिचारा साथ करत राहिला... शेवटी म्हणाला, "नो वरीज, मेट. सवड मिळाली की आमच्यात परत ये." अनिलला एवढं हसू फुटलं की हातातला गजच थांबला.

तीन वर्षांनी त्याने नोकरी सोडली. "वेड लागलंय का तुला?" मी विचारलं. "थोडंसं," तो म्हणाला. आधी तो कुणी आजारी पडलं की बदली म्हणून वाजवायचा; मग कॉलिनच्या बँडमध्ये कायमचा झाला. व्हॅनमधून गावोगावचे फेस्टिव्हल, आठवडाभर शिकवण्या, सुट्टीत म्युझिक कॅम्प. या धंद्यात बढती अशीच येते, तिचं पत्र कुणी देत नाही.

मी फक्त एकदा ऐकायला गेलो. पाच जण एकाच माईकभोवती उभे. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवतो, मागे होतो. अनिल पुढे आला, अर्धं मिनिट वाजवलं, मागे गेला. नंतर चहा घेताना मी म्हणालो, "एवढी वर्षं शिकलास ते या अर्ध्या मिनिटासाठी? वाया गेलास, अन्या." तो माझ्यासाठी आणखी एक चहा आणायला गेला. मी त्याच्या काळजीने बोललो, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला हेवा वाटत होता. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्याला सांगायचा राहून गेला.

गेल्या रविवारी शुभदाने गराज आवरायला बोलावलं. तिथेच तो रियाज करायचा. रंगाच्या डब्यात उभा केलेला झाडूचा दांडा, हा त्याचा माईक. त्याच्यासमोर कार्पेट दोन ठिकाणी झिजलेलं. दांड्याजवळची जागा जेमतेम विटलेली. एक पाऊल मागची मात्र पार दोरे निघालेली.

"तो बराच वेळ मागेच उभा असायचा," शुभदा म्हणाली. "बाकीच्यांचं वाजवणं फोनवर लावायचा आणि त्यांना साथ करायची प्रॅक्टिस करायचा. म्हणायचा, पुढे जाणं गुरुजींनी शिकवलंय, हे शिकायचं राहिलंय."

मी बूट काढून त्या मागच्या जागेवर उभा राहिलो. त्या कार्यक्रमात मी तासभर समोर बसलो होतो आणि त्यातलं अर्धं मिनिटच ऐकून आलो होतो.

"हे कार्पेट काढून टाकू ना?" शुभदाने विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो.