शिमगा सरेपर्यंत

आता कॉम्प्युटरवर काही विकत घ्यायला गेलं की क्रेडिट कार्डाची मुदत विचारणाऱ्या दोन चौकटी येतात: महिना आणि वर्ष. चुकीचं भरलं तर लाल अक्षरांत दटावणी होते. त्या लाल अक्षरांचा मला हेवा वाटतो. माझ्या वेळी दटावणारं कुणी नव्हतं. जो होता तो मीच, आणि मी तर फार हुशार होतो.

साताऱ्याला बी.कॉम. होऊन मी सांगलीजवळच्या एका कापडगिरणीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा तिथं कार्डांना भोकं पाडून याद्या काढणारं यंत्र नुकतंच आलं होतं. कामगारांच्या घरच्यांना गिरणीच्या दवाखान्याची कार्डं असत. त्यांच्या मुदतीचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं आणि कार्डं गावाकडं, बायकांच्या ट्रंकेत. मग ठरलं की कामगारांना तोंडी विचारायचं आणि चार आकडे भरायचे, दोन महिन्याचे, दोन वर्षाचे. यंत्राला तेवढंच समजायचं. माणसांना मात्र भलतंच काही समजायचं.

"दिवाळी झाली की सरतंय."

"आमची म्हस व्येल ना सायेब, तिच्या म्होरल्या म्हैन्यात."

या सगळ्याचे मी चार आकडे करून दाखवायचो. साहेब म्हणायचे, असा माणूस मिळायचा नाही. मलाही ते पटायचं.

त्या पावसाळ्यात कवठे महांकाळकडचा एक कामगार टेबलाशी आला. बाप मेंढरं राखणारा, हा मागावर.

"मुदत?"

"शिमगा सरंपतूर हाय बगा."

मी बोटांवर मोजलं. चैत्र, वैशाख करत फाल्गुन बारावा आला. पाडव्याला सुरू झालेलं वर्ष अजून तेच. लिहिलं: १२, ७६. बाकी सगळ्यांचे महिने मी जानेवारीपासून मोजले होते, याचा शिमगा तेवढा चैत्रापासून. शाळेत पाठ केलेलं असं कामाला आलं.

दिवाळीनंतर त्याच्या बायकोला टीबी निघाला. त्यानं तिला गावाहून आणलं. रोज एक इंजेक्शन, पन्नासेक झाली. जानेवारी उजाडला आणि कंपाउंडरनं तिला खिडकीवरून परत पाठवलं. यंत्राच्या हिशेबी कार्ड डिसेंबरातच संपलं होतं. तिच्या हातातल्या कार्डावर 'मार्च ७७' स्वच्छ लिहिलेलं होतं. कंपाउंडर म्हणाला, "बाई, कार्ड माणसानं लिहिलंय. यादी मशीननं काढलीय."

नवरा ते कार्ड घेऊन माझ्याकडं आला. पाहताक्षणी मला चूक कळली. 'चूक माझी, इंजेक्शनं चालू ठेवावीत', एवढी चिठ्ठी आणि साहेबांची सही. पाच मिनिटांचं काम. पण त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा कागदही साहेबांच्या टेबलावर होता.

"तुम्हीच तसं सांगितलंत," मी म्हणालो. "अर्ज द्या. पुढच्या यादीत दुरुस्ती होईल."

"आवं, पुढची यादी कवा?"

"एक तारखेला."

"तवर सुईचं काय? डाक्टर म्हनत्यात, खंड पडला तर पयल्यापासनं."

"नियम मी करतो का?"

चार आठवडे खंड पडला. फेब्रुवारीच्या यादीत तिचं नाव आलं, कार्यालयाचा कारभार किती चोख ते सिद्ध झालं. डॉक्टरांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. आधीच्या सुयांनी कंबर दगड झालेली. तिनं आठ-दहा दिवस काढले आणि गावी निघून गेली. मला बढती मिळाली. पेढे मीच वाटले, त्यालाही दिला. त्यानं तो कागदात बांधून घेतला, घरी न्यायला.

उन्हाळ्यात तो रजेचा अर्ज घेऊन आला. बायकोचे दिवस घालायचे होते. अर्ज टेबलावर ठेवून तो तिथंच उभा राहिला.

"माजंच चुकलं सायेब," तो म्हणाला. "मार्च म्हनायला पायजे हुतं. मी आडानी, शिमगा म्हनालो."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, बढतीही हातात पडलेली होती. मी अर्जावर शिक्का मारला.

"पुढच्या वेळी नीट सांगत जा," मी म्हणालो.