टाकीतला भोवरा

माझ्या धाकट्या भावाला सगळे भोवरा म्हणतात. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच राहिलं. पायाला भिंगरी लागलेली. मांडी घालून सावकाश जेवल्याचं मला आठवत नाही. दारात उभ्या उभ्या खायचा आणि हात धुवायला जो जायचा, तो संध्याकाळीच उगवायचा. एकदा लग्न जमत आलं होतं, पण मुलीला भेटायचं त्याच दिवशी हे महाशय दुरुस्तीला आलेल्या जहाजाचा पंखा बघायला गेले. अशा माणसानं पुढे लोखंडी टाकीत राहायची नोकरी धरली. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

आमच्या दोन खोल्या बंदराला जाणाऱ्या रस्त्यावर. बाहेरच्या खोलीत माझं शिवणयंत्र, आत आईची खाट. खिडकीखाली ट्रकांची रांग पहाटेपासून लागते ती हलायचं नाव घेत नाही. त्या काजळीपायी मी पांढरं कापड शिवायला घेणंच सोडलं. एक ट्रकवाला तर इतक्यांदा माझ्या खिडकीसमोर अडकला, की त्याच्या मुलीच्या फ्रॉकचं माप मला पाठ झालं. आईची खिडकी कायम बंद. खाडीखालून बोगदा होणार, ट्रक गावात न शिरता पाण्याखालून थेट बंदरात जाणार, असं कळलं तेव्हा भोवरा जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डर होता. त्यानं दुसऱ्याच दिवशी बोगद्यावर नाव घातलं.

"आई, ही सगळी रांग मी समुद्राखाली घालवतो," तो म्हणाला. "मग उघड तुझी खिडकी."

आई म्हणाली, आधी तुझ्या चपला जागेवर ठेव, मग समुद्राचं बघू.

बोगदा खणणारं यंत्र म्हणजे तीन मजली घराएवढं चाक, पुढे पोलादी दात. ते चिखल आणि खडक कुरतडत पुढे सरकतं. दात झिजले की माणसांना चाकाच्या पुढ्यात जाऊन बदलावे लागतात. वर समुद्र, समोर चिखल. तो आत कोसळू नये म्हणून तिथे हवेचा प्रचंड दाब ठेवतात. माणसाचं शरीर त्या दाबाला सरावतं, पण परत यायला फार वेळ लागतो. म्हणून रोज जा-ये करायचीच नाही, पाळी संपेपर्यंत आठवडेच्या आठवडे दाबातच राहायचं. काठावर एक टाकी, तिच्यात तेवढाच दाब. चार बिछाने, एक टेबल, कोपऱ्यात संडास. काम असेल तेव्हा छोट्या बंद डब्यात बसवून यंत्रापर्यंत नेतात आणि पुन्हा टाकीत आणून सोडतात. संडासाचं पाणी सोडायचं तरी आधी बाहेरच्या माणसाला विचारायचं. हा बाहेरचा माणूस दाबाच्या काट्यांसमोर बसलेला असतो. आम्ही त्याला टाकीवाला म्हणायचो.

मी एकदा बघायला गेले होते. भिंतीत बशीएवढी जाड काच, तिच्यामागे भोवऱ्याचं तोंड. जेवण दुहेरी दाराच्या खणातून आत जायचं आणि दाबानं पाव चपटा होऊन पोचायचा. त्यांना श्वासाला जी हवा देतात तिच्यात फुग्यात भरतात तो वायू मिसळलेला असतो, त्यामुळे आवाज बदकासारखा होतो. माझा एवढा थोराड भाऊ फोनवर बदकाच्या आवाजात "ताई, बरी आहेस ना?" म्हणाला आणि मी पोट धरून हसले. तोही हसला, ते आणखीच वाईट. आवाज सरळ करणारं एक खोकं होतं फोनला, पण त्यातून गेला की आवाज बदकाचाही राहायचा नाही आणि त्याचाही राहायचा नाही. बँकेतून फोन आल्यासारखं वाटायचं.

त्याच पाळीत आईचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि घरी न्या म्हणाले. मी तिला घरी आणून खाटेवर निजवलं. आईला एकच हवं होतं: भोवरा.

मी टाकीवर फोन लावला. आईनं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. हा कोण परका बोलतोय, म्हणाली. मी दाबाचं सांगितलं, वायूचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते थापांसारखं वाटत होतं. मग तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. लहानपणी कुठली वस्तू गिळली होतीस? बटण, तो म्हणाला. कुठल्या रंगाचं? हिरवं. उत्तरं सगळी बरोबर. आई माझ्याकडे बघून म्हणाली, हे तू पढवलंस त्याला. फोटो दाखवला तर जुना आहे म्हणाली. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, ठिणगीची भीती. त्यामुळे तो चालता-बोलता दाखवायची सोय नव्हती.

"माझा मुलगा त्या चिखलात गेलाय," ती म्हणाली. "तुम्ही सगळे मिळून मला खेळवताय."

आणि तिनं औषध बंद केलं. पाण्याचा घोटसुद्धा मनधरणी करून पाजावा लागे. मला तिचा इतका राग आला, की मी मोरीत जाऊन भांडी आदळली. जिवंत माणसासाठी रडत रडत ही जाणार, आणि तो आत टाकीत बसून ऐकणार.

भोवऱ्यानं बाहेर काढा म्हणून सांगितलं होतंच. दाब उतरवायला सुरुवातही झाली होती, पण तो उतरतो मुंगीच्या पावलानं. जवळजवळ आठवडा लागणार होता. भोवऱ्याचा धीर सुटला. लवकर उतरवा म्हणून त्यानं टाकीवाल्याच्या विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या, मग पाना घेऊन दारावर ठोकत बसला. आत त्याच्याबरोबर आणखी दोघं होते. मग त्यांतल्या एकानं फोन मागून घेतला आणि मला म्हणाला, की ताई, तो आमच्या जिवाचंही विसरलाय. दाब तिघांचा एकच होता.

शेवटी मी ठरवलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. आईलाच तिथे न्यायचं. डॉक्टर नको म्हणाले. मी म्हटलं, जपून ठेवायला आता उरलंय काय? रुग्णवाहिका सांगितली, आईला खुर्चीत बसवून खाली आणलं, आणि दुष्काळात तेरावा महिना तसं, निघालो ते ट्रकांच्या रांगेत अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला भिंत. भोंगा वाजवून काय होणार, सरकायला जागा कुणाकडेच नव्हती. आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी खिडकीतून डोकं काढून जगातल्या तमाम ट्रकवाल्यांचा उद्धार केला. फ्रॉकवाला त्यांत असेल तर त्यानंही ऐकलं असेल.

पोचलो तेव्हा टाकीवाला दारात उभा होता. खुर्ची आत न्यायला त्यानंच हात लावला. काच उंचावर होती. त्यानं आणि चालकानं खुर्चीसकट आईला उचलून धरलं.

आत भोवरा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आईनं काचेवर बोटं ठेवली आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली. मी फोन तिच्या कानाला लावला. तो "आई" म्हणाला, बदकासारखाच. त्या आवाजाबरोबर त्याचेच ओठ हलताना तिनं पाहिले आणि ती हसली. मग तिला रडू आलं. मग ती माझ्यावर रागावली, की मला आधी का नाही आणलंस.

"आता दार उघडा," ती टाकीवाल्याला म्हणाली.

भोवरा आतून तेच म्हणत होता. फोनमधून मलाही ऐकू येत होतं. "ताई, त्यांना म्हणावं उघडा. मला काय व्हायचं ते होऊ दे. मला एकदा तिला हात लावू दे."

टाकीवाला भला माणूस. त्याच्या कपाळावर घाम होता. आईनं त्याला विचारलं, घाई केली तर काय होतं? त्यानं मान खाली घालून सांगितलं, की सोड्याची बाटली झटकन उघडली की जसं फसफसतं, तसं रक्ताचं होतं. माणूस वाचत नाही, वाचला तर लुळा पडतो. तिघंही.

आईकडे वेळ किती होता, ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मला वाटलं, रडेल, हट्ट करेल, आणि तिनं हट्ट केला असता तर मी त्या टाकीवाल्याची गचांडी धरली असती, खोटं कशाला सांगू. तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

"भोवऱ्या, तो पाना खाली ठेव," ती म्हणाली. "आणि तुम्ही हो, सावकाश उतरवा. मला काही घाई नाही."

त्यानं पाना ठेवला. बिछान्यावर बसला आणि तिथून तिच्याकडे बघत राहिला. आईचे पाय थंड पडायला लागले तेव्हा आम्ही तिला परत नेलं. त्यानंतर तो टाकीवाल्याशी एका शब्दानं भांडला नाही, असं मला नंतर कळलं.

दार उघडलं तेव्हा बाहेर मी एकटीच उभी होते. फोनवर त्याला काही सांगू नका, असं टाकीवाल्यानं मला विनवलं होतं आणि मी ऐकलं होतं. भोवरा वाकून बाहेर आला. माझ्या मागे कोणी आहे का, हे त्यानं पाहिलं नाही.

"ताई," म्हणाला.

जाडाभरडा, अगदी त्याचाच आवाज. आईला तो ऐकवायचा राहून गेला.