कोरडं फडकं

रणजित भिंगारदिवे यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट तपासल्याशिवाय घेतली नाही. भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणीच्या टेबलावर होते. हातात माप तपासायचा गेज, शेजारी लाल रंगाचा डबा. माप चुकलं की लाल टिपका, मग माल बनवणारा मित्र असो की मेहुणा. ज्या गेजनं दुसऱ्याचं माप काढायचं, तो गेज दर सहा महिन्यांनी स्वतः तपासून घ्यायचा, हा नियमही त्यांनीच घालून दिलेला.

निवृत्त झाले, बायको गेली आणि मुलगी जयंती त्यांना जपानला, ग्योतोकुला घेऊन आली. इथंही शिस्त तीच. साडेपाचला प्रार्थना. खोटं नाही, दारू नाही, चहाडी नाही. पवित्र जगणं म्हणजे डाग पडू न देणं, अशी त्यांची सरळ समजूत होती. दुसऱ्याच्या अंगावर डाग दिसला तर नजर हटत नसे, तो भाग वेगळा.

इचिकावा, निशी-कसाई, ग्योतोकु मिळून मराठी ख्रिस्ती माणसं अकरा. दर रविवारी दोन ते चार ती एका वस्तीमंडळाच्या हॉलमधली खोली घ्यायची. जपानी पद्धतीची खोली: चपला बाहेर, जमिनीवर तातामी, म्हणजे जाड गवती चटया. किल्ली ओनो नावाच्या वयस्कर बाईंकडे; मानाचं 'सान' लावून सगळे त्यांना ओनो-सान म्हणत. खोली होती तशी परत द्यायची, एवढीच अट. साफसफाई रणजितरावांनी अंगावर घेतली होती. चार वाजले की सगळ्यांना बाहेर काढायचे. मग बादली, गरम पाणी, फडकं आणि गुडघ्यांवर बसून कोपरा न् कोपरा. कुणाला हात लावू देत नसत. "अर्धं काम करणाऱ्यापेक्षा न करणारा बरा," म्हणायचे.

ऑगस्टमध्ये ओनो-सानकडून पहिली चिठ्ठी आली. जयंतीनं वाचली. "पप्पा, चटयांवर काळे ठिपके पडतायत म्हणे. काळजी घ्या, लिहिलंय."

"कुणीतरी चहा सांडतं."

त्यांनी मनात सगळ्यांची रांग लावली. दहा जण पास झाले. अकरावे ते स्वतः. उरला बारावा.

बारावा म्हणजे श्याम कानडे. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, एकटा राहणारा. जूनपासून यायला लागला होता. ख्रिस्ती नव्हता. मंडळीतल्या रीतीनं 'सलाम' म्हटलं की 'नमस्कार काका' म्हणायचा. प्रार्थनेत डोळे मिटायचा नाही. हे कळायला रणजितरावांना स्वतःचे उघडे ठेवावे लागत. गाण्याचे शब्द येत नसले तरी ओठ हलवायचा. पाठीवर फुगलेली सॅक. त्या सॅकमध्ये काय असतं? मोबाइलवर आपली नावं टिपून तिकडे भारतात कुणाला पाठवतो की काय? ख्रिस्ती माणसांना दिवस कसे आहेत ते सांगायला नको.

"हा येतो कशाला?" त्यांनी सिंधू शेलारांना विचारलं. सिंधूमावशी मंडळीत सगळ्यांत मोठ्या. चहाचा थर्मास त्यांचा.

"चहाला येत असेल. माझा चहा काय वाईट आहे?"

"मी थट्टा करत नाही."

"तेच तर. अहो, उद्या दारात देवदूत आला तरी तुम्ही त्याचे पंख ओढून बघाल."

"बघेनच. चिकटवलेले असले तर?"

श्यामशी ते अहो-जाहो करत. पोरगा जयंतीपेक्षाही लहान. जयंती म्हणायची, "पप्पा, हे मानाचं अहो नाही, कुंपणाचं आहे."

सप्टेंबरात दुसरी चिठ्ठी आली. तिसरी आली की खोली बंद. हीसुद्धा पाच ठिकाणचे नकार ऐकून मिळालेली. गेली तर अकरा माणसं पुन्हा आपापल्या घरी बसणार. सिंधूमावशींना तर आठवड्यातून घराबाहेर पडायला हे एकच निमित्त. रणजितरावांनी पाणी आणखी गरम केलं, जोर आणखी लावला. पुढच्या रविवारी ठिपके वाढलेले.

त्या दिवशी किल्ली देऊन ते निघाले. स्टेशनपाशी वाटलं, चष्मा राहिला. माघारी आले तर श्याम ओनो-सानच्या खिडकीशी. वाकून काहीतरी बोलला. बाईंनी किल्ली दिली. तो आत गेला. चाळीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा सॅक जाताना होती त्यापेक्षा जड दिसत होती. रणजितराव समोरच्या, नाणं टाकून पेय देणाऱ्या मशीनआड उभे होते. चष्मा खिशातच होता.

घरी काही बोलले नाहीत. पुरावा पाहिजे. पुढचा रविवार महिन्यातला शेवटचा. पाच वाजता ओनो-सान खोली बघायला येणार होत्या.

त्या रविवारी ते पुन्हा मशीनआड थांबले. श्याम आत गेल्यावर दहा मिनिटं मोजली आणि दार सरकवलं.

खिडक्या सताड उघड्या. श्याम गुडघ्यांवर. भोवती सात-आठ टॉवेल. दोन्ही हातांनी टॉवेल चटईवर दाबत होता, उचलत होता, पुन्हा दाबत होता.

"काय चाललंय?"

श्याम दचकला. "काका! काही नाही. पाणी टिपतोय."

"कुणी सांडलं?"

श्यामनं टॉवेल पुन्हा चटईवर दाबला.

"मी विचारतोय, पाणी कुणी सांडलं?"

"काका, तातामीला पाणी चालत नाही. गवत असतं ते. आत ओल धरते, मग बुरशी येते. कोरडं फडकं फिरवायचं, तेही विणीच्या दिशेनं. भिंतीवर लिहिलंय बघा."

भिंतीवर होतंच, जपानीत. वाचायची गरज कुणाला पडली नव्हती, कारण पुसत होते ते एकटेच.

रणजितरावांनी खाली बसून चटईवर तळवा ठेवला. ओलसर, थंड. मग मान वाकडी करून उजेडाकडे तिरपं बघितलं, कारखान्यात पत्र्यावरचा ओरखडा बघत तसं. ठिपके कसेही पडलेले नव्हते. ते कमानीत होते. डावीकडून उजवीकडे, हातभर रुंद, एकीशेजारी एक कमान. बसून फरशी पुसणाऱ्याचा हात फिरतो तशी. उपासनेच्या टेबलाखाली, जिथं त्यांनी सगळ्यांत जास्त जोर लावला होता, तिथं सगळ्यांत दाट. कामावरून कारागीर ओळखू येतो. हा हात ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"जुलैपासून. छत्री विसरलो म्हणून परत आलो, तर तुम्ही पुसत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण तुम्ही गुडघ्यांवर होता आणि गुणगुणत होता. आमची आई देवघर पुसते तसं." श्यामनं टॉवेलची घडी बदलली. "म्हटलं, पाणीच तर आहे. टिपू."

"ह्यात तुमचा फायदा काय?" सवय सुटत नव्हती.

"आठवडाभर ऑफिसात मी कानडे-सान. इथं सिंधूमावशी म्हणतात, श्याम्या, कप धुऊन ठेव. खोली गेली तर ते कुठं ऐकू?"

रणजितरावांनी ओला तळवा उलटा करून बघितला. गेज दर सहा महिन्यांनी तपासायचा. निवृत्तीला सात वर्षं झाली होती.

पाच वाजता ओनो-सानची पावलं वाजली. श्याम हळूच म्हणाला, "काका, मी सांगतो माझ्याकडून सांडलं. तुम्ही घरी जा."

खोटं सोपं होतं आणि बोलणारा दुसराच होता. दरवाजाही जवळ होता.

"नाही. मी बोलतो, तू जपानीत सांग. शब्द बदलायचा नाही. मीच पुसलं, दर रविवारी, ह्या हातांनी. दुरुस्तीचं जे काम असेल ते मला शिकवा, मी करतो. मला येऊ देऊ नका हवं तर, पण ह्यांची खोली काढू नका."

'तू' निघाल्याचं श्यामच्या ध्यानात आलं. त्यांच्या नाही.

श्यामनं सगळं सांगितलं. ओनो-सान चटईवर वाकल्या. कमानी बघितल्या. मग रणजितरावांच्या पँटवरचे दोन ओले गोल बघितले. बोटानं एक कमान गिरवली. मग एवढंसं काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"फार जोर लावता, म्हणतात."

चटया नीट करायला महिनाभराची मुदत मिळाली. अट एकच: बादली आत आणायची नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थनेआधी रणजितराव उभे राहिले. चिठ्ठ्यांपासून मशीनआड लपण्यापर्यंत सगळं सांगितलं आणि श्यामचं नाव घेऊन त्याची माफी मागितली. श्याम चटईकडे बघत बसला.

"मग?" सिंधूमावशी म्हणाल्या. "पंख खरे निघाले का?"

"पंख नाहीत. टॉवेल आहेत."

चार वाजता त्यांनी कुणाला बाहेर काढलं नाही. सगळ्यांनी कोरडी फडकी घेतली आणि विणीच्या दिशेनं पुसायला लागले. रणजितराव मागून तळवा फिरवत आले.

"श्याम, हा कोपरा राहिला तुझा."

"काका, तो तुमच्या वाटणीचा."

रणजितरावांनी वाकून बघितलं. खरंच त्यांचाच होता. त्यांनी फडकं मागून घेतलं, गुडघे टेकले आणि हलक्या हातानं पुसायला लागले.