आवतन आलं, पण उघडू नका

आमच्या जिनिंगमध्ये कापूस येतो, रुई एकीकडे निघते, सरकी दुसरीकडे, आणि दोन्ही ट्रकात भरून निघून जातात. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही. ते ऑफिसातच पडून राहतात आणि हंगाम उतरला, चहाला निवांतपणा आला की एकेक बाहेर निघतो. अलीकडे त्यात एक नवीन वाण आलं आहे: पासवर्ड, ओटीपी आणि 'इथे क्लिक करा'वाले किस्से.

मी मोताळ्याजवळच्या या जिनिंगमध्ये हिशेब बघते. एकदा प्रिंटर बंद पडला होता, मी त्याची वायर नीट खोचली आणि तो चालू झाला. त्या दिवसापासून ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची सुरक्षा माझ्याकडे आहे. पगार तोच राहिला, शिव्या तेवढ्या वाढल्या.

मंडळी मोजकीच. मालकांना आम्ही साहेब म्हणतो. रोखपाल वामनकाका, वयाने सगळ्यांत मोठे. आणि वजनकाट्यावर पुंडलिकभाऊ. पुंडलिकभाऊंची मुलगी प्रतीक्षा यंदा लग्नाची होती. उंद्रीचे पाहुणे तिला बघून गेले होते, "कळवतो" म्हणाले होते आणि कळवत नव्हते. तेव्हा हे सगळं घडताना पुंडलिकभाऊंचा एक हात कामात आणि दुसरा मोबाईलवर, असं समजून ऐका.

*

काट्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड पुंडलिकभाऊंनी खडूने भिंतीवर लिहून ठेवला होता. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली असताना आठवत कोण बसतो, हे त्यांचं म्हणणं. साहेबांनी पाहिलं आणि भडकले. संध्याकाळपर्यंत भिंत पुसलेली पाहिजे, आणि पासवर्ड दर महिन्याला बदललाच पाहिजे, असा हुकूम निघाला.

भिंत पुसली गेली. तिथे एक कॅलेंडर आलं. साहेबांना बरं वाटलं, ऑफिस ऑफिससारखं दिसायला लागलं.

मी एकदा जवळ जाऊन पाहिलं, तर कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर, अमावास्येच्या चौकोनात, त्या त्या महिन्याचा पासवर्ड लिहिलेला. पुढच्या सगळ्या महिन्यांचे आधीच तयार. मी कपाळाला हात लावला. पुंडलिकभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेबच म्हनले ना ताई, महिना पलटला का पासवर्ड पलटला पायजे."

*

वामनकाकांना एक फोन आला. विजेचं बिल भरलेलं दिसत नाही, आम्ही पाठवलेल्या लिंकवर क्लिक करा, नाहीतर आजच्या आज तुमची लाइन कापू, असं पलीकडचा दरडावून सांगत होता. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हाला गप्प राहायची खूण केली.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. जिनिंग बंद, पंखे बंद, आम्ही सगळे कागदाने वारा घेत बसलेलो.

काका म्हणाले, "काप ना बाप्पा. पन कापाच्या आंधी पयले आनून दे."

पलीकडच्याने स्वतःच फोन ठेवला.

*

साहेबांच्या नावाने मला एक ईमेल आला. "कृपया सर्व कर्मचाऱ्यांचे आधार आणि बँक तपशील तातडीने पाठवावेत. मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नये. धन्यवाद." खाली साहेबांचं पूर्ण नाव. पत्ताही वरवर पाहता बरोबर, एखादं अक्षर इकडचं तिकडे.

माझा हात पाठवण्यासाठी सरसावलाच होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो ईमेल वाचला आणि म्हणाले की हा माणूस आपला साहेब नाही. कशावरून, असं मी विचारलं. काका म्हणाले की एवढी वर्षं झाली, या तोंडातून कधी 'कृपया' ऐकलंस का? आणि 'धन्यवाद'?

आम्ही काहीच पाठवलं नाही. साहेब आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे 'कृपया'सकट सांगितलं. त्यांना ओरडायचीही सोय नव्हती, कारण ओरडले असते तर काकांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. शेवटी म्हणाले, "बरं केलं."

त्यानंतर मात्र साहेबांची पंचाईत झाली आहे. एखाद्या दिवशी खुशीत असले आणि काही गोड बोलायला गेले, की आम्ही आधी फोन करून खात्री करतो.

*

या ईमेलमुळे साहेबांनी बुलढाण्याहून एका तरुण सरांना प्रशिक्षणासाठी बोलावलं. सर हुशार होते, शर्ट इस्त्रीचा होता. सकाळी नेमकी लाइन गेलेली, म्हणून त्यांनी नुसतं तोंडी शिकवलं. अनोळखी लिंक उघडू नका. अनोळखी ॲप घेऊ नका. अनोळखी माणसाचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला मुळीच लावू नका. शंका आली तर समोरच्याला प्रत्यक्ष विचारा. पुंडलिकभाऊ पहिल्या रांगेत होते, मान डोलावत होते आणि मधूनमधून मोबाईलही बघत होते.

जेवणानंतर लाइन आली. सर खुश झाले, म्हणाले की आता तुम्हाला पडद्यावर दाखवतो. त्यांनी खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला आणि काट्याच्या कॉम्प्युटरकडे निघाले.

पुंडलिकभाऊ उठून मध्ये उभे राहिले. सर म्हणाले, अहो, माझाच आहे. पुंडलिकभाऊ म्हणाले, "हाव सर. पन तुमची आमची वळख आज सकाळचीच हाय."

दुपारचं प्रशिक्षणही तोंडीच झालं.

*

सरांनी जाताना मनात अढी धरली असावी. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना एक ईमेल आला: 'यंदाच्या बोनसची यादी. पाहण्यासाठी इथे क्लिक करा.' ती परीक्षा होती. जो क्लिक करेल त्याचं नाव सरांकडे जाणार.

मी केलं नाही, हे मुद्दाम सांगते. पुंडलिकभाऊंनी केलं नाही, कारण त्या आठवड्यात उंद्रीशिवाय त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. काकांना ईमेल उघडताच येत नाही, म्हणून ते पहिल्या नंबरने पास झाले.

नापासांच्या यादीत एकच नाव आलं. साहेबांचं.

आमच्याकडे बोनस कोणाला किती द्यायचा, हे फक्त साहेब ठरवतात. काकांनी धीर करून विचारलं की मग तुम्ही काऊन उघडलं? साहेब म्हणाले, "मले पाहाचं होतं, औंदा मी किती देऊन राह्यलो."

*

आता पुंडलिकभाऊंचं सांगते.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. रोज कुठून तरी लग्नाची पत्रिका मोबाईलवर येत होती. बाजाराच्या दिवशी, काट्यावर गाड्या लागलेल्या असताना, पुंडलिकभाऊंना अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'आमच्या घरी लग्न आहे. सोबतची पत्रिका उघडून पाहावी. सहकुटुंब यावे.' त्यांनी उघडली. ती पत्रिका नव्हती, पत्रिकेचं नाव लावलेलं ॲप होतं. त्याने त्यांचा मोबाईल ताब्यात घेतला आणि त्यात जेवढे नंबर होते तेवढ्या सगळ्यांना तोच मेसेज गेला. पुंडलिकभाऊंच्या नावाने.

मी चिडले. पेनड्राइव्हसाठी सरांना अडवणारा माणूस अनोळखी पत्रिका उघडतोच कसा? पुंडलिकभाऊ खाली मान घालून म्हणाले, "ताई, पोरीच्या बापानं कोनाचं आवतन टाळलं, त उद्या त्याच्या मांडवात कोन येईन?"



मी सिम काढलं, बँकेला आणि सायबर हेल्पलाइनला कळवलं. पैसे वाचले. पण तोवर ऑफिसच्या फोनवर लोकांचे फोन सुरू झाले होते. लग्न कधी, मुलगा कुठला, कार्यालय कोणतं. वडनेर भोलजीहून त्यांची बहीण तर रडत होती, की भाचीचं लग्न ठरलं आणि सख्ख्या आत्याला मोबाईलवर आवतन?

फोन कानाला लावून काट्यावर येरझारा घालत तिची समजूत घालता घालता पुंडलिकभाऊ एकदम थांबले. उंद्रीचा नंबरही त्याच मोबाईलमध्ये होता.

म्हणजे मुलाच्या वडिलांना, महादेवरावांना, मुलीच्या बापाकडून मेसेज गेला होता की आमच्या घरी लग्न आहे. तुम्ही कळवताय कळवताय, तोवर आम्ही पोरगी दुसरीकडे दिली, असाच त्याचा अर्थ. पुंडलिकभाऊ जिथे उभे होते तिथेच, काट्यावर, मटकन बसले. स्क्रीनवर त्यांचं वजन दिसलं. एरवी आम्ही हसलो असतो.

माझ्या मोबाईलवरून उंद्रीला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकभाऊंचा मोबाईल साफ करून मी सिम परत घातलं. लगेच मेसेज आला. महादेवरावांचा. 'आमच्या घरी लग्न आहे. सोबतची पत्रिका उघडून पाहावी. सहकुटुंब यावे.'

मी सांगितलं की हे तेच आहे, त्यांनीही उघडलं, त्यांचाही मोबाईल गेला. पण बापाचं मन! पुंडलिकभाऊ म्हणाले की त्याइचं खरं बी असू शकते ना, रागाच्या भरात पोराचं दुसरीकडे जमवलं असलं तर? पत्रिका उघडल्याशिवाय नवरीचं नाव कसं कळणार? त्यांचा अंगठा पत्रिकेवर होता. काकांनी तो अंगठा धरून ठेवला.

तेवढ्यात मला प्रतीक्षाचा फोन आला. तिला आत्याकडून सगळं कळलं होतं. ती हळू आवाजात, पण सरळ बोलली. "ताई, बाबाले उंद्रीले पाठवा. फोनवर नको. अन् मले तो पोरगा पसंत हाय, हे बी सांगा त्याइले."

सरांनी शिकवलंच होतं, शंका आली तर प्रत्यक्ष विचारा. साहेबांनी ऐन हंगामात काटा स्वतः सांभाळायला घेतला आणि आपली गाडी दिली. मी गाडीत बसत होते तेव्हा म्हणाले, "कृपया लवकर जा." आम्ही खात्री न करता निघालो.

राजूर घाट चढून बुलढाणा, मग चिखली, मग उंद्री. वाटेत पुंडलिकभाऊ एकच वाक्य बोलले, की पोरीच्या मनात होतं हे मले ठाऊकच नव्हतं.

महादेवरावांच्या अंगणात भाऊकीतली माणसं जमली होती आणि लग्न कधी, लग्न कधी, म्हणून त्यांना भंडावत होती. आम्हाला बघताच ते उठले. चेहरा लाल. "या. आता हातानं आवतन द्याले आले का?"

पुंडलिकभाऊंनी हात जोडले. "आम्ही त तुमच्या आवतनाले आलो."

मग मी सगळं सांगितलं: ते ॲप, ते मेसेज, इकडून तिकडे गेलेले आणि तिकडून इकडे आलेले. प्रतीक्षाचा निरोपही सांगितला, सगळ्यांसमोर. दाराआडून मुलगा ऐकत होता, त्याची सावली उंबऱ्यावर दिसत होती.

महादेवराव खाली बसले. म्हणाले की आमची पसंती तर कधीचीच होती, अमावास्या टळली की कळवणार होतो. मी विचारलं की मग तुम्ही ती पत्रिका उघडली कशाला? ते ओशाळून म्हणाले, "पोरगी कोनाच्या घरी चालली, ते पाहाले नको का?"

मुलाची आई चहा घेऊन बाहेर आली. तिने पहिला कप पुंडलिकभाऊंच्या हातात दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली,

"दोन्हीकडच्या समद्या सोयऱ्याइले आवतन त गेलं. आता तारीख तेवढी काढा."