घरच्या पाण्यातले बेडूकमासे

आम्रपालीला वाडीत कुणी प्राध्यापक म्हणत नसे. ती 'बेडकांची डॉक्टरीण'. महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, नावापुढे डॉक्टर लावते, हे सगळ्यांना ठाऊक होतं; पण सलवार गुडघ्यापर्यंत खोचून नाल्यात उतरणाऱ्या बाईला मान तरी किती द्यायचा! शेजारची बनुबाई तर तोंडावर विचारायची, "लगीन नाय केलंस ते ह्या बेडकांपायीच काय गो?"

तिचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यांच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या नाल्याचं पाणी आणायचं, त्यात बेडकाची अंडी वाढवायची, तीच अंडी चांगल्या पाण्यातही वाढवायची आणि फरक मोजायचा. यंदा वळवाच्या सरींनी डबकी भरली, अंडी पडली आणि पाऊस जो दडी मारून बसला तो बसलाच. कॉलेजला सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप. म्हणून तिने ट्रे उचलले आणि उमरठकडच्या आपल्या वाडीत, आईच्या पडवीत मांडले. चांगलं पाणी घरातलंच घेतलं. टँकरचं पाणी दोन दिवस ड्रममध्ये राहिलं की ब्लीचिंग पावडरीचा वास उडतो, आणि बेडकांच्या पिल्लांना असंच पाणी मानवतं. शिवाय ते घरची सगळी माणसं पीत होती. याहून खात्री ती कसली?

सहाव्या दिवशी नाल्याच्या पाण्यातले बेडूकमासे वाकडे झाले. शेपटीत बाक, पोहायला गेले की गोल गोल फिरत. हे अपेक्षितच होतं. पण घरच्या पाण्यातले त्याहून वाकडे होते. चाळीसांतली सात जगली होती. आपणच ट्रेवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली असं समजून तिने स्वतःला शिव्या घातल्या, पुन्हा अंडी आणली, पुन्हा ट्रे मांडले. या वेळी एक ट्रे रानातल्या झऱ्याच्या पाण्याचा आणि एक थेट टँकरमधून घेऊन उघड्या टोपात ठेवलेल्या पाण्याचा. त्या दोन्हींतली पिल्लं सरळसोट वाढली. ड्रममधली पुन्हा वाकडी. म्हणजे खोट पाण्यात नव्हती, ड्रममध्ये होती.

धाकटा भाऊ अश्वजित कारखान्यांच्या वसाहतीत कंत्राटी कामगार. संध्याकाळी तो आल्या आल्या तिने विचारलं, "हा निळा ड्रम कुठून आणलास?"

"भंगारवाल्याकडनं. दिवाळीत. तूच बोललीस ना, आयला लांबून पानी आनायला लागतं म्हनून?"

"आत काय होतं?"

"काय म्हाईत. वरची चिठ्ठी फाटलेली व्हती. साबनानं तीनदा धुतलाय गो ताई, वास पन नाय येत."

एक नाही, सहा ड्रम आणले होते त्याने. वाडीतल्या घरांना वाटले होते, आणि वाडीने त्याला डोक्यावर घेतलं होतं. आता तो भिंतीला टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली घरोघर फिरली. ड्रम पालथे करा, म्हणाली. पाया पडायची बाकी राहिली. बनुबाई भडकली. "चार दिसांनी टँकर येतो. दोन हांड्यांत भागंल काय? तू दे आनून भांडी!" तिचं काही चुकत नव्हतं. तहसील कचेरीत साहेबांनी अर्ज घेतला, पाण्याचा नमुना मुंबईला पाठवू म्हणाले, महिनाभर लागेल. टँकर आला तेव्हा हंडे भरले, टोप भरले, कळशा भरल्या, आणि मग बनुबाईने आपला ड्रम सरळ करून पाईप त्यात सोडला. आम्रपालीने तिचा हात धरला, तो तिने झटकला.

आम्रपाली घरी आली. अश्वजितची बायको उज्ज्वला पडवीत ट्रेपाशी बसली होती, पोट सांभाळत. तिला सातवा महिना. दिवाळीपासून ती याच ड्रमचं पाणी पीत होती. वाकडी पिल्लं ती बराच वेळ बघत असावी.

"ताई," ती म्हणाली, "बेडकाचं नि मानसाचं येक नसतं ना?"

बारा वर्षं आम्रपाली सभांमधून, कचेऱ्यांमधून, वर्गांतून याच्या नेमकं उलट सांगत आली होती. पण या पाण्याने पोटातल्या बाळाचं काय होतं, हे सांगणारा एकही आकडा तिच्याकडे नव्हता. दारात अश्वजित उभा होता.

"नसतं गो," ती म्हणाली. "कुठे बेडूक, कुठे माणूस!"

उज्ज्वलाने मान हलवली. पण ट्रेवरची नजर काही तिने काढली नाही.